अमेरिकन फुटबॉलचा सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅक कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेली मराठी मंडळी पहिल्या वर्षी या खेळाला नाकं मुरडतात आणि तिसऱ्या वर्षी त्यावरून तावातावाने भांडतात. बॉस्टनवाले टॉम ब्रेडीशिवाय दुसरं नाव ऐकून घेत नाहीत. बे एरियातले जुने लोक जो मॉन्टानावर अडून बसतात. अलीकडे गेलेल्यांनी पॅट्रिक माहोम्सशिवाय फारसं कुणाला पाहिलेलंच नसतं. या भांडणांत फिरून फिरून येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं माझी आहेत आणि ती तटस्थ वगैरे अजिबात नाहीत.

मैदानात एका संघाचे अकरा जण असतात, मग चर्चा क्वार्टरबॅकचीच का?

कारण आक्रमण करणाऱ्या संघाचा चेंडू जवळपास प्रत्येक वेळी आधी त्याच्याच हातात येतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा, एवढा साधा हिशोब. सेंटरने, म्हणजे रांगेच्या मधल्या गड्याने, पायांमधून चेंडू मागे दिला की क्वार्टरबॅकला मिळतात अडीच-तीन सेकंद. तेवढ्यात सव्वाशे-दीडशे किलोचे गडी अंगावर धावून येत असतात, आपले चार-पाच जण वेगवेगळ्या दिशांना पळत असतात, आणि त्यातला कोण मोकळा आहे यापेक्षा कोण मोकळा *होणार* आहे हे ओळखून चेंडू आधीच सोडायचा असतो.

त्याहून मोठं काम चेंडू हातात येण्याआधीचं. पेटन मॅनिंगचा कुठलाही जुना सामना लावून बघा. हा गृहस्थ रांगेमागे येरझाऱ्या घालतो, समोरच्या बचावातल्या एकेकाकडे बोट दाखवतो, हातवारे करून आपल्या माणसांची जागा बदलतो, ‘ओमाहा, ओमाहा’ असं ओरडतो, आणि घड्याळात एक-दोन सेकंद उरले असताना चेंडू मागतो. कोचने पाठवलेली चाल त्याने तोवर मोडीत काढून दुसरी लावलेली असते.

एक गोची मात्र कायम लक्षात ठेवा. आपला बचाव मैदानात असतो तेव्हा क्वार्टरबॅक बाकावर बसलेला असतो. म्हणजे साधारण अर्धा सामना त्याच्या हातातच नसतो, पण जय-पराजय लिहिला जातो त्याच्या नावावर. या वादातली निम्मी भांडणं इथूनच निघतात.

लांबण नको, एक नाव सांगा.

टॉम ब्रेडी. पण त्याच्याकडे सात अंगठ्या आहेत, म्हणजे सुपर बोल हा मोसमाचा अंतिम सामना तो सात वेळा जिंकलाय, म्हणून नव्हे.

२००० च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर निवडलेला हा मुलगा २००१ च्या सप्टेंबरमध्ये पेट्रियट्स या बॉस्टनकडच्या संघाचा क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो जखमी झाला म्हणून संघात आला. त्या मोसमात त्याचे टचडाउन पास (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोचवून गुण देणारे) फक्त १८ होते. बचाव भक्कम, धावणारे बरे, आणि ब्रेडीचं काम चुका न करणं. २००७ मध्ये रँडी मॉससारखा लांबच लांब धावणारा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा गडी, मिळाल्यावर याच माणसाने ५० टचडाउन पास टाकून तेव्हाचा विक्रम मोडला. त्यानंतर खेळ पुन्हा बदलला: ग्रोंकोव्स्की, एडलमन, जेम्स व्हाइट यांना छोटे, पटकन सुटणारे पास. २०२० मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी तो टँपा बेला गेला. आदल्या मोसमात ७ जिंकून ९ हरलेला, २००७ नंतर प्ले-ऑफचं तोंड न पाहिलेला तो संघ. नवा कोच, नवी चालींची वही, आणि पहिल्याच मोसमात सुपर बोल.

बाकीचे थोर क्वार्टरबॅक एका पद्धतीत थोर होते. ब्रेडीने पद्धती बदलल्या आणि प्रत्येकीत तो वरचाच राहिला. माझा कौल त्याला मिळतो तो एवढ्यासाठी.

अंगठ्या मोजल्या की विषय संपतो ना? सात म्हणजे सात!

अंगठ्यांनीच ठरवायचं तर ऑटो ग्रॅहमचं काय करणार? क्लीव्हलंड ब्राउन्सकडून तो १९४६ ते १९५५ असे दहा मोसम खेळला, दहाच्या दहा वेळा अंतिम सामन्यात पोचला आणि सात विजेतेपदं घेऊन निवृत्त झाला. त्यातली चार एएएफसी या वेगळ्या, पुढे बंद पडलेल्या लीगमधली, तीन एनएफएल या आजच्याही मुख्य लीगमधली. ब्रेडीला सातसाठी तेवीस मोसम लागले. तरी गल्लीतल्या वादात ग्रॅहमचं नाव कुणी काढत नाही.

अंगठ्या काय दाखवतात आणि काय लपवतात, हे ब्रेडीच्याच लागोपाठच्या दोन सुपर बोलमध्ये दिसतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याने फिलाडेल्फियाविरुद्ध ५०५ यार्ड पास टाकले. सुपर बोलच्या इतिहासात तेवढे कुणी टाकलेले नाहीत. सामना हरला, ४१-३३. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध त्याचा एकही टचडाउन पास नव्हता, आणि सामना जिंकला, १३-३. अंगठी मिळाली दुसऱ्या सामन्याची. यातल्या कुठल्या संध्याकाळी तो जास्त चांगला खेळला हे शेंबडं पोरही सांगेल.

अंगठी हा पुरावा आहे, निकाल नव्हे. नाहीतर बाल्टिमोरच्या जबरदस्त बचावाच्या जिवावर जिंकलेला ट्रेंट डिल्फर एकही अंगठी नसलेल्या डॅन मरीनोच्या वर बसवावा लागेल, आणि तसं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

ब्रेडीला नशिबाने फार हात दिला, हे तरी मान्य?

मान्य. जानेवारी २००२ मध्ये बर्फात रेडर्सविरुद्ध त्याच्या हातून चेंडू निसटला, तो समोरच्यांनी उचलला, आणि सामना तिथेच संपायचा. पंचांनी ‘टक रूल’ काढला, पास अपूर्ण ठरवला, चेंडू पेट्रियट्सकडेच राहिला. तो नियम इतका अजब होता की २०१३ मध्ये लीगने रद्दच केला. त्याच सामन्यात किकर ॲडम विनाटिएरीने बर्फातून ४५ यार्डांवरून किक मारली. फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोलमध्ये सिएटल टचडाउनपासून एका यार्डावर असताना माल्कम बटलरने चेंडू पळवला, तेव्हा ब्रेडी बाकावर होता.

पण नशिबाचं खातं दोन्ही बाजूंनी वाचायचं. फेब्रुवारी २००८ मध्ये पेट्रियट्स १८ पैकी १८ सामने जिंकून आले होते, आणि जायंट्सच्या डेव्हिड टायरीने चेंडू हेल्मेटला दाबून झेलला. मोसमातला एकमेव पराभव, १७-१४, आणि तो नेमका शेवटच्या सामन्यात.

राहता राहिला फेब्रुवारी २०१७ चा सुपर बोल. अटलांटा २८-३ ने पुढे. चौथ्या चरणात एडलमनकडे टाकलेला पास बचावपटूच्या हाताला लागून वर उडाला, तीन जण त्यावर पडले, आणि जमिनीपासून काही इंचांवर, कुणाच्या तरी पायावरून घसरत, तो एडलमनच्याच बोटांत राहिला. हे नशीब. पण त्याआधी आणि त्यानंतर मिळून त्या दिवशी ब्रेडीचे ६२ पैकी ४३ पास पूर्ण झाले होते आणि सामना ३४-२८ असा जादा वेळेत संपला. एका झेलावर २५ गुणांची पिछाडी भरून निघत नाही.

खरं श्रेय कोच बिल बेलिचिकचं नाही का?

आकडे दोन्हीकडून हाणता येतात. २००८ मध्ये ब्रेडी पहिल्याच सामन्यात गुडघा मोडून बसला, तरी मॅट कॅसलला घेऊन बेलिचिकने ११ सामने जिंकले. उलट ब्रेडी गेल्यावर २०२० मध्ये पेट्रियट्स ७-९, आणि ब्रेडीकडे तिकडे करंडक. दोघांनी एकमेकांना घडवलं हे खरं, पण घर सोडून गेल्यावर ज्याचं चाललं तो ब्रेडी.

आणि ते चेंडूतल्या हवेचं प्रकरण?

२०१५ च्या जानेवारीतल्या सामन्यातले चेंडू नियमापेक्षा कमी फुगवलेले होते असा आरोप झाला, कोर्टकचेरी झाली, शेवटी ब्रेडीने २०१६ मध्ये चार सामन्यांची बंदी भोगली. त्याच मोसमाच्या अखेरीस तो वरचा २८-३ वाला सामना आहे. डाग आहे, पण यादी बदलावी एवढा नाही.

मॉन्टाना चार पैकी चार सुपर बोल जिंकला, ब्रेडी दहापैकी तीन हरला. मग मॉन्टाना वरचढ नाही?

अंतिम फेरीत हरणाऱ्याला आधीच गळालेल्यापेक्षा खाली कसं धरायचं, हे मला कधी कळलेलं नाही. मॉन्टाना ज्या वर्षी सुपर बोलला पोचला नाही त्या वर्षी तो हरलेलाच असतो, फक्त लवकर.

तरी एका सामन्यासाठी, एका शेवटच्या चढाईसाठी माणूस निवडायचा असेल तर माझी जीभ आधी मॉन्टानाचंच नाव घेते. चार सुपर बोलमध्ये १२२ पास, ११ टचडाउन आणि इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास) शून्य. तीन वेळा सर्वोत्तम खेळाडू.

२२ जानेवारी १९८९, मायामी. सिनसिनाटी बेंगॉल्स १६-१३ ने पुढे. मॉन्टानाच्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सकडे चेंडू आला तो त्यांच्या स्वतःच्या ८ यार्डांच्या रेषेवर, म्हणजे टचडाउनसाठी ९२ यार्ड जायचे आणि घड्याळात तीन मिनिटं दहा सेकंद. सहकारी घामाघूम. मॉन्टाना त्याचं रक्षण करणाऱ्या रांगेतल्या हॅरिस बार्टनला (या जागेला ‘टॅकल’ म्हणतात) सांगतो, ते बघ, तिकडे प्रेक्षकांत जॉन कँडी दिसतोय. विनोदी नट होता तो. मग हा माणूस शांतपणे आठ-दहा यार्डांचे पास टाकत सुटतो. मध्येच गोंगाटावर ओरडून ओरडून त्याला श्वास लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, तेव्हा तो पास मुद्दाम मैदानाबाहेर फेकून देतो. त्या चढाईतला अपूर्ण राहिलेला एकमेव पास तो. उरलेले आठही पूर्ण. ३४ सेकंद उरले असताना दहा यार्डांवरून जॉन टेलरला टचडाउन, २०-१६.

मॉन्टानाच्या विरोधात एकच गोष्ट मांडता येते: कोच बिल वॉल्शची तेव्हा कुणालाही नीट न कळलेली छोट्या पासांची पद्धत आणि जेरी राइससारखा रिसीव्हर. त्या सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू राइसच होता. आणि मॉन्टानानंतर आलेल्या स्टीव्ह यंगने त्याच गादीवरून एका सुपर बोलमध्ये सहा टचडाउन पास टाकले. म्हणजे गादीही चांगलीच होती.

जुन्या खेळाडूंचे आकडे इतके फिके का दिसतात?

हा माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, आणि सगळ्यांत कमी विचारला जाणारा.

१९७८ पर्यंत बचावपटू पळणाऱ्या रिसीव्हरला वाटेत कुठेही धक्के मारू शकत. त्या वर्षी नियम आला की पाच यार्डांच्या पुढे हात लावायचा नाही. त्याच वर्षी क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या लाइनमनना हात पसरून, तळवे उघडे ठेवून अडवायची मुभा मिळाली. एका झटक्यात पास टाकणं सोपं झालं. मोसमही वाढत गेला: १९६० पर्यंत मुख्यतः १२ सामने, मग १४, १९७८ पासून १६, २०२१ पासून १७. पुढे २००४ मध्ये पाच यार्डांच्या नियमाची कडक अंमलबजावणी सुरू झाली आणि २००९ मध्ये क्वार्टरबॅकच्या गुडघ्यांवर झेप घेण्यावर आणखी निर्बंध आले.

म्हणून जॉनी युनायटसचे १९५९ चे ३२ टचडाउन बारा सामन्यांतले आहेत हे लक्षात ठेवून वाचायचे. जो नेमथने १९६७ मध्ये पहिल्यांदा ४००० यार्डांचा टप्पा ओलांडला, आणि त्याच मोसमात त्याचे २८ पास समोरच्यांनी पकडले. कारकिर्दीत टचडाउनपेक्षा इंटरसेप्शन जास्त असूनही तो हॉल ऑफ फेममध्ये आहे. आजचा कोच अशा आकड्यांच्या माणसाला महिनाभर ठेवणार नाही.

ब्रॅडमन की सचिन हा वाद आपण जसा खेळपट्ट्या, हेल्मेट आणि सामन्यांची संख्या लक्षात घेऊन घालतो, तसाच हाही घालायला हवा: प्रत्येकाला त्याच्या काळातल्या इतरांशी तोलून. तसं तोललं तर युनायटस फार वर जातो. पिट्सबर्गने त्याला खेळवलंच नाही, सोडून दिलं. त्याने ब्लूमफील्डच्या अर्धव्यावसायिक संघात सामन्याला काही डॉलर घेऊन दिवस काढले, आणि १९५६ मध्ये बाल्टिमोरने घेतलं. सलग ४७ सामन्यांत टचडाउन पास हा त्याचा विक्रम २०१२ पर्यंत टिकला, ड्रू ब्रीसने तो मोडला. २८ डिसेंबर १९५८ ला यांकी स्टेडियमवर जायंट्सविरुद्ध शेवटच्या दोनेक मिनिटांत त्याने रेमंड बेरीला लागोपाठ तीन पास देऊन ६२ यार्ड काढले, सात सेकंद उरले असताना बरोबरी झाली, आणि जादा वेळेत २३-१७ ने सामना जिंकला. टीव्हीवर हा खेळ मोठा झाला तो त्या संध्याकाळपासून. आणि चाली तो स्वतः ठरवायचा. हेल्मेटमध्ये कुणी काही सांगत नव्हतं.

मग मरीनो? एकही अंगठी नाही, तरी नाव निघतंच.

निघायलाच हवं. १९८४ च्या आधी एका मोसमातला सर्वाधिक टचडाउन पासांचा विक्रम ३६ होता. मरीनोने त्या वर्षी, कारकिर्दीच्या दुसऱ्याच मोसमात, ४८ टाकले आणि ५०८४ यार्ड काढले. विक्रम सहसा एक-दोनने सरकतात. याने तो बारा पायऱ्या वर नेऊन ठेवला. तिथवर पोचायला मॅनिंगला २००४ उजाडलं, तेही ४९. चेंडू त्याच्या हातातून इतक्या झटकन सुटायचा की अंगावर येणाऱ्याला मिठी मारायला फक्त मरीनो उरायचा. त्या वर्षी सुपर बोलमध्ये मॉन्टानाकडून हरला आणि पुन्हा कधी पोचला नाही. एक मोसम म्हणून १९८४ च्या वर मी कुणाचाही मोसम ठेवणार नाही.

पासर रेटिंगवर विश्वास ठेवावा का?

अर्धा. पूर्ण झालेल्या पासांचं प्रमाण, प्रत्येक पासामागे यार्ड, टचडाउनचं प्रमाण, इंटरसेप्शनचं प्रमाण, एवढ्याची मोट बांधून १९७३ मध्ये हे माप आलं. कमाल आकडा १५८.३, का ते गणितवाल्यांना विचारा. त्यात सॅक (पास सुटायच्या आत क्वार्टरबॅकला पाडणं) नाहीत, क्वार्टरबॅकचं स्वतः धावणं नाही, सामन्याची स्थिती नाही. दोन काळांची तुलना करायला तर ते मुळीच उपयोगाचं नाही.

मॅनिंगला पाच एमव्हीपी (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब), ब्रेडीला तीन. मग?

सप्टेंबर ते डिसेंबर मॅनिंगच, यात वाद नाही. २०१३ चे त्याचे ५५ टचडाउन आणि ५४७७ यार्ड हे मानेच्या शस्त्रक्रियांमुळे अख्खा २०११ गमावल्यानंतरचे आहेत. पण प्ले-ऑफमध्ये १४ विजय, १३ पराभव. दोष सगळा त्याचा नाही, तरी तो आकडा पुसता येत नाही. खेळ समजून घेण्यात तो सगळ्यांचा गुरू, एवढं मात्र ब्रेडीभक्तांनीही मुकाट्याने कबूल करावं.

या याद्यांत १९८० च्या आधीचे सगळे क्वार्टरबॅक गोरेच का?

कारण कृष्णवर्णीयांना ती जागा द्यायचीच नाही असं ठरलेलं होतं. कागदावर नव्हे, डोक्यात. विद्यापीठात क्वार्टरबॅक असलेल्यांना व्यावसायिक संघ रिसीव्हर किंवा बचावपटू करून टाकत. मार्लिन ब्रिस्कोने १९६८ मध्ये डेन्व्हरकडून पहिल्याच मोसमात १४ टचडाउन पास टाकले. त्यानंतर त्याला पुन्हा कधी नियमित क्वार्टरबॅक म्हणून संधी मिळाली नाही, रिसीव्हर व्हावं लागलं. वॉरन मूनला १९७८ च्या ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही. तो कॅनडात एडमंटनला गेला, तिथल्या लीगचे सलग पाच करंडक (ग्रे कप) जिंकला आणि मग १९८४ मध्ये ह्यूस्टनला आला. २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेलेला तो आधुनिक काळातला पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक.

जानेवारी १९८८ च्या सुपर बोलमध्ये डग विल्यम्सने डेन्व्हरविरुद्ध ०-१० असं मागे पडल्यावर एकाच चरणात चार टचडाउन पास टाकले आणि वॉशिंग्टन ४२-१० ने जिंकलं. सुपर बोलमध्ये दोन्ही बाजूंचे क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय असायला मात्र २०२३ उजाडलं: माहोम्स आणि जेलन हर्ट्स. म्हणून ‘सर्वकालीन’ म्हणताना निम्मा काळ निवड अर्ध्या माणसांतूनच झाली, हे विसरू नये. मूनची कॅनडातली सहा वर्षं धरली तर त्याचं स्थान बरंच वर सरकतं.

एल्वे, फार्व्ह, ब्रीस, रॉजर्स?

एल्वेचा हात तोफेसारखा. तीन सुपर बोल हरून शेवटच्या दोन मोसमांत दोन जिंकला. फार्व्ह सलग २९७ सामने खेळला आणि ३३६ इंटरसेप्शनचा विक्रमही त्याचाच; बघायला याच्याइतकी मजा कुणी दिली नाही, त्याच्या कोचच्या केसांचं काय झालं असेल देव जाणे. ब्रीसने पाच वेळा ५००० यार्ड ओलांडले. निव्वळ फेक म्हणाल तर ॲरन रॉजर्स या चौघांत पुढे, चार एमव्हीपी आणि अत्यल्प चुका, पण सुपर बोलला पोचला एकदाच.

माहोम्स ब्रेडीला मागे टाकेल का?

तिशी ओलांडायच्या आत पाच सुपर बोल, त्यात तीन विजय आणि तीनही वेळा सर्वोत्तम खेळाडू. दोन पराभवांतला एक खुद्द ब्रेडीकडून, ३१-९, तेव्हा माहोम्सचे दोन्ही टॅकल जखमी होते आणि बिचारा रात्रभर जीव मुठीत धरून पळत होता. दुसरा फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फियाकडून, ४०-२२.

वडील बेसबॉलमध्ये पिचर, ते याच्या फेकीत दिसतं: बाजूने, पळता पळता, दुसरीकडे बघत. पण मला पटला तो २०२२ नंतरचा माहोम्स. लांब धावणारा टायरीक हिल संघ सोडून गेला, बचाव मागे थांबून लांब पास बंद करू लागले, तेव्हा याने हौस बाजूला ठेवली आणि पाच-सहा यार्डांचे कंटाळवाणे पास टाकून लागोपाठ दोन सुपर बोल जिंकले. ब्रेडीला मी ज्या कसोटीवर वर ठेवतो त्यातली पहिली परीक्षा हा पास झालाय. पस्तिशीनंतरची बाकी आहे.

पहिल्या दहांची यादी द्याच एकदा.

ब्रेडी, मॉन्टाना, युनायटस, मॅनिंग, माहोम्स, ग्रॅहम, मरीनो, एल्वे, रॉजर्स, यंग. २०१९ मध्ये एनएफएलने शतकमहोत्सवी संघात दहा क्वार्टरबॅक निवडले, त्यात फार्व्ह, स्टॉबॅक आणि सॅमी बॉ होते. माझ्या यादीत ते तिघे नाहीत. बॉला वगळताना हात थरथरतो: १९४३ मध्ये तो पास टाकण्यात, पंट मारण्यात (चेंडू लाथेने दूर धाडण्यात) आणि बचावात राहून समोरच्यांचे पास पकडण्यात, तिन्हींत लीगमध्ये पहिला होता. पण तो जवळजवळ वेगळाच खेळ होता.

भारतात बसून सामने बघायचे तर वेळा काय?

मोसम सप्टेंबर ते फेब्रुवारी. रविवारी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी एकला सुरू होणारे सामने आपल्याकडे रात्री साडेदहाला, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिकडची घड्याळं मागे गेली की साडेअकराला. तिकडचा रविवार रात्रीचा सामना आपल्याकडे सोमवारी पहाटे. सुपर बोल फेब्रुवारीत, सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास. ऑफिसला थोडं उशिरा येतो असं शुक्रवारीच सांगून ठेवा.